व्ही टाका आणि एक्स टाका: क्रोशाची खेळणी विणताना होणारा घोळ

एकच पॅटर्न, एकच दोरा, सुईचा नंबरही तोच. तरी एकीचा ससा मुठीत मावतो आणि दुसरीचा तळहाताबाहेर डोकावतो. मग ठरलेली चर्चा होते: तू सैल विणतेस, ती घट्ट विणते. हात सैल-घट्ट असणं हे कारण असतंच, पण त्याआधी दोघींचा टाका जवळून बघावा. पुष्कळदा एकीचा व्ही टाका असतो आणि दुसरीचा एक्स. आपण साधा मुका खांबच, म्हणजे क्रोशातला बुटका साधा टाका, घालतोय, असं दोघींनाही वाटत असतं आणि दोघींचंही बरोबर असतं: व्ही आणि एक्स ही त्याच टाक्याची दोन रूपं.

अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने विणून आत फायबर भरलेली छोटी जपानी धाटणीची खेळणी, जवळपास पूर्णपणे मुक्या खांबावर उभी असतात. अमेरिकन पॅटर्नमध्ये त्याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल क्रोशे. (तो एक वेगळाच घोळ आहे, पॅटर्न कुठला आहे ते वर बघून घ्यायचं आणि पुढे जायचं.) मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या दोऱ्याच्या आवळता येणाऱ्या कड्यात, ६ टाके, पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, ३०, असे दर फेरीला ६ टाके वाढवत नेले की सपाट चकती होते. वाढवणं थांबवलं की तिची वाटी होते, आणि पुढे टाके कमी करत आणले की चेंडू. फेरी जोडायची नाही, गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल चढवत न्यायची. ससा, हत्ती, कासव, सगळं याच हिशोबातून निघतं.

आपल्याकडे क्रोशा घरोघरी होता, पण तो वेगळ्या कामाचा. रुखवतातली तोरणं, टेबलावरचे रुमाल, ताटावरची झाकणं यांत साखळ्या आणि उंच खांब जास्त, मुका खांब बहुतेक काठापुरता. जाळीच विणायची असेल तर टाक्याचे पाय सरळ आहेत की एकमेकांवर पडलेत, हे कोण बघणार? खेळण्यात सगळी भिंत मुक्या खांबांचीच असते, आणि आतलं फायबर त्या भिंतीला बाहेर ढकलत असतं. म्हणून वर्षानुवर्षं सुंदर रुमाल विणणाऱ्या बाईलाही खेळणं हातात घेतल्यावर हा प्रश्न पहिल्यांदाच पडतो.

आता हात बघू. उजव्या हातात सुई, डाव्या तर्जनीवरून दोरा. आधीच्या फेरीतल्या टाक्याच्या वरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई आत घातली. इथवर दोन्हींचं सारखंच.

व्ही टाक्यात दोरा सुईच्या वरून येतो. मागून पुढे सुईवर वेढा पडतो, सुईचं तोंड त्याला पकडतं आणि टाक्यातून बाहेर ओढतं. सुईवर दोन वेढे झाले, एक आधीचा आणि एक हा नवा. पुन्हा दोरा सुईवर घ्यायचा आणि दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा.

एक्स टाक्यात सुई टाक्यातून पलीकडे गेली की ती दोऱ्याच्या वर राहते, दोरा तिच्या खाली. सुईचं तोंड खाली वळवून दोरा उचलायचा आणि तसाच ओढून आणायचा. सुईवर तेच दोन वेढे, फक्त नुकता ओढलेला वेढा आता पिळलेला आहे. दुसऱ्या वेळी दोरा नेहमीसारखाच सुईवर घ्यायचा आणि दोन्हींतून काढायचा. फरक एवढाच: पहिल्यांदा दोरा सुईच्या वरून आला की खालून. इंग्रजी व्हिडिओंत याला यार्न ओव्हर आणि यार्न अंडर म्हणतात. जिला कुणी काही सांगितलेलं नसतं, तिच्या हाताला दोरा धरायच्या सवयीप्रमाणे यांतला एक आपोआप लागतो. खालून उचलणं हालचालीला जवळचं पडतं, त्यामुळे आपण एक्स घालतोय याची कल्पनाही नसलेल्या पुष्कळ जणी आहेत.

तयार कापडाची बाहेरची बाजू समोर धरली की दोन्ही टाके सहज ओळखता येतात. व्हीमध्ये प्रत्येक टाक्याचे दोन पाय खालून सुरू होऊन वर उघडतात. एक्समध्ये ते मांडी घातल्यासारखे पायावर पाय टाकून बसलेले दिसतात, बारीक फुल्यांच्या रांगा. पाहायचं ते पोटावर किंवा डोक्याच्या फुगीर भागावर, फायबर भरल्यानंतर. मॅजिक रिंगच्या आसपास टाके इतके दाटलेले असतात की तिथे काहीच समजत नाही.

ओळखताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, टाक्याचा वरचा काठ. कुठल्याही मुक्या खांबाच्या माथ्यावर जे दोन धागे दिसतात ते व्हीच्याच आकाराचे असतात, टाका एक्स असला तरी. कारण माथा दुसऱ्यांदा घेतलेल्या दोऱ्यातून बनतो, आणि दुसऱ्यांदा दोरा दोन्हींत सारखाच घेतात. वरून बघून "माझा व्ही आहे" म्हणणं म्हणूनच खरं नाही, टाक्याची समोरची बाजू बघावी लागते.

दुसरं, उलटी बाजू. वाटीसारखा आकार यायला लागला की तो आपोआप आतबाहेर वळतो, आणि बऱ्याच नव्या विणणाऱ्या उलटी बाजू बाहेर ठेवून विणत राहतात. त्या बाजूला टाक्यांच्या मधे आडव्या दांड्या दिसतात. व्हिडिओतल्यासारखं दिसत नाही, म्हणून त्या समजतात, आपला टाका एक्स आहे. त्या आडव्या दांड्या म्हणजे एक्स नव्हेत, ती फक्त उलट बाजू आहे. उजव्या हाताने विणणाऱ्या बाईची सुई सुलट बाजू समोर असताना उजवीकडून डावीकडे जाते, आणि विणकाम तिच्याकडच्या, जवळच्या काठावर होतं. दूरच्या काठावर विणत असाल तर वाटी उलटी आहे. पालथी करून घ्या आणि मग टाका बघा.

आणखी एक घोळ कागदावरचा आहे. जपानी आकृत्यांमध्ये मुक्या खांबाचं चिन्ह गुणिलेच्या खुणेसारखं असतं. ती खूण म्हणजे "एक्स टाका घाला" अशी सूचना नाही, तो नुसता मुका खांब. चिनी पॅटर्नमध्ये तर अक्षरंच वापरतात: एक्स म्हणजे एक मुका खांब, व्ही म्हणजे एकाच टाक्यात दोन, ए म्हणजे दोन टाक्यांचा एक. तिसऱ्या फेरीसाठी तिथे "एक्स, व्ही" सहा वेळा असं लिहिलेलं असेल, तर अर्थ एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं सहादा. एकूण १८ टाके. हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फुकट पॅटर्नमध्ये ही अक्षरं खूप दिसतात. तिथला व्ही आणि आपल्या लेखातला व्ही यांचा काही संबंध नाही. आधी फेरीअखेरची टाक्यांची संख्या जुळवून बघा, अक्षरांचा अर्थ त्यातूनच कळतो.

आता खरा मुद्दा. दिसण्यातला फरक हौसेचा आहे, कुणाला उघडे व्ही आवडतात, कुणाला फुल्या. पण फरक दिसण्यापुरता नाही.

एक्सचा वेढा पिळलेला असल्यामुळे टाका बुटका आणि आवळलेला होतो. तोच चेंडू एक्सने विणला तर व्हीपेक्षा लहान आणि टणक येतो, दोराही थोडा कमी लागतो. टाक्यांच्या मधल्या फटी बारीक राहतात. काळं मांजर विणून आत पांढरं रेक्रॉन (भरायचं फायबर) भरलंत की याचं महत्त्व कळतं: सैल व्हीमधून पांढरे ठिपके डोकावतात, एक्समधून फारसे नाही. मात्र सुई जाड घेतली तर एक्सही वाचवत नाही. बारीक ४ प्लाय कॉटनला २ ते २.५ मिलिमीटरची सुई, म्हणजे दोऱ्याच्या लेबलवर लिहिलेली असते त्याहून लहानच घ्यायची. हा नियम दोन्ही टाक्यांना लागू आहे.

माझ्या मते याहून मोठा फरक तिरकेपणाचा आहे, आणि नवशिक्यांना तोच सर्वांत उशिरा कळतो. मुक्या खांबाचा माथा त्याच्या पायांच्या बरोबर वर नसतो, उजव्या हाताने विणलं तर किंचित उजवीकडे सरकलेला असतो. पुढच्या फेरीतला टाका त्या सरकलेल्या माथ्यात बसतो, तो पुन्हा थोडा उजवीकडे. फेऱ्या जोडत नसल्यामुळे हे सरकणं साठत जातं. डावखुऱ्या हाताचं सगळं आरशातल्यासारखं, ते डावीकडे सरकतं. व्हीमध्ये हा तिरकेपणा ठळक असतो. एक्समध्ये टाके एकमेकांच्या डोक्यावर बरेच नीट बसतात. पूर्ण सरळ तेही नाहीत.

याचा त्रास कुठे होतो? चेंडूत कुठेच नाही, चेंडूला पुढे-मागे नसतं. पण बाहुली पायांपासून वर विणत नेतात. दोन पाय जोडून धड सुरू होतं, आणि धडाच्या १५-२० फेऱ्यांनंतर पॅटर्न सांगतो: सहाव्या ते दहाव्या टाक्यावर उजवा हात जोडा, तेविसाव्यापासून डावा. लिहिणारीचा टाका एक्स, तुमचा व्ही. तुम्ही मोजणीत एकही चूक केलेली नाही, पण तुमच्या धडाची "समोरची" बाजू एव्हाना कुशीकडे गेली आहे. हात जोडले की पावलं एकीकडे आणि छाती दुसरीकडे. मग बाहुली वाकडी का झाली म्हणून रात्री उसवत बसायचं. काही चांगले पॅटर्न यासाठीच सांगतात की अंगाच्या कुशीच्या मध्यापर्यंत पोचायला जास्तीचे दोन-चार टाके विणा किंवा उसवा. ही ओळ गाळायची नसते.

पॅटर्नमध्ये ती ओळ नसेल, तर टाक्यांच्या नंबरावर विश्वास ठेवू नका. पायांकडे बघा, टाचण्या लावून हात कुठे येतात ते ठरवा आणि मगच जोडा. डोळे, कान, शेपटी यांचंही तेच. सेफ्टी आयची, म्हणजे खेळण्याच्या प्लॅस्टिकच्या डोळ्याची, चकती आतून एकदा दाबून बसवली की निघत नाही, तेव्हा चेहरा समोर आहे ना, हे आधी बघावं.

रंगकामात तर व्हीचा तिरकेपणा लगेच उघडा पडतो. पोटावर उभा पांढरा पट्टा किंवा एखादं अक्षर विणायचं असेल, तर व्हीमध्ये ते मानेकडे जाताना कलतं. एक्समध्ये बऱ्यापैकी उभं राहतं. रंग बदलायची रीत दोन्हींत एकच: जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने काढायचा.

मग सरसकट एक्सच का घालू नये? घट्ट हाताच्या बाईला एक्स म्हणजे शिक्षा होते. आधीच आवळलेल्या टाक्यात सुई शिरत नाही, बोटं दुखतात, कॉटनचे पीळ सुटून धागा सुईच्या टोकाला फाटतो. एक्स घालायचाच असेल तर सुई पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने वाढवा. मिल्क कॉटनसारख्या मऊ, सैल पिळाच्या दोऱ्यात तर सुई पिळाच्या मधेच घुसते. शेनिल किंवा मखमली लोकरीत एक्सच्या वाटेला जाऊ नये, तिथे टाका डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो. दिसणारच नाही तो एक्स घालायचा कुणासाठी? मोठं, लहान मुलांनी कुशीत घेऊन झोपायचं खेळणं व्हीनेच चांगलं होतं, अंगाला मऊ लागतं. की-चेन, बोटभर बाहुल्या, बारीक नक्षीची पोटं आणि गडद रंग यांना मी एक्स घालते.

एकाच खेळण्यात दोन्ही मिसळू नका. हे सांगायची गरज अशी की मिसळणं नकळत होतं. डोकं विणून झाल्यावर एखादा व्हिडिओ बघून एक्स शिकायचा आणि धड त्याने विणायचं, मग मान डोक्याला लहान पडते. किंवा एक कान आज, दुसरा दोन आठवड्यांनी, आणि मधे हाताची सवय बदललेली. जोडीतले अवयव शक्यतो एकाच बैठकीत विणलेले बरे.

टाके कमी करतानाही पाहावं लागतं. अदृश्य घटीत, म्हणजे पुढच्या दोन टाक्यांच्या फक्त समोरच्या धाग्यांतून सुई घालून दोघांचा एक करतात त्यात, पहिल्यांदा दोरा ओढताना बहुतेकींचा हात सवयीने वरून जातो. बाकी सगळं एक्समध्ये असेल, तर तेवढे टाके उघडे व्ही म्हणून उठून दिसतात, दर फेरीला सहा. घटीतही दोरा खालूनच उचलायचा.

आणि दुसरीचा पॅटर्न विकत घेताना फोटो मोठा करून पोटावरचे टाके आधी बघा. फुल्या दिसल्या आणि तुमचा हात व्हीचा असला, तर खेळणं तिच्यापेक्षा मोठं येणार आणि दोराही जास्त लागणार. पुण्याच्या तुळशीबागेतल्या बाजारातून लोकर आणताना एक गुंडी जास्तीची घ्या, नंतर गेलात तर तोच रंग मिळेल, पण तीच छटा मिळेलच असं नाही.