बाउंडरी इस्टेट: वास्तू जपली, माणसांचं काय?

पूर्व लंडनमधल्या अर्नोल्ड सर्कसच्या मधोमध एक टेकडी आहे. वर बँडस्टँड, भोवती झाडं आणि चहूकडे सात रस्ते. ही टेकडी पाडलेल्या घरांच्या राडारोड्याची आहे. ती घरं होती ओल्ड निकोल या बदनाम वस्तीतली. तिथला मृत्युदर लंडनच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होता.

१८८९ मध्ये लंडनचा स्थानिक कारभार पाहणारी लंडन काउंटी कौन्सिल स्थापन झाली आणि १८९० च्या कामगार गृहनिर्माण कायद्याने तिला वस्त्या पाडून नव्या बांधायचे अधिकार दिले. पहिला मोठा प्रयोग इथेच झाला: ओल्ड निकोल पाडून उभारलेली बाउंडरी इस्टेट ही वसाहत. ओवेन फ्लेमिंग आणि त्याच्या तरुण वास्तुविशारदांनी इमारती एका साच्यातून काढल्या नाहीत. लाल-पिवळ्या विटांचे पट्टे, उतरती छपरं, प्रत्येक इमारतीचा वेगळा चेहरा आणि मार्लो, चर्टसी, सनबरी अशी थेम्सकाठच्या गावांची नावं. गरिबांसाठी बांधायचं म्हणून कुरूप बांधायचं नाही, हा त्यांचा हट्ट मला आजही मोलाचा वाटतो. सामायिक धुणीघर होतं, दारूचा गुत्ता मात्र नव्हता. मार्च १९०० मध्ये युवराजांच्या हस्ते उद्घाटन झालं.

पण मूळ रहिवासी होते कुठे? सुमारे ५,७०० जण उठवले गेले, त्यांतले नव्या घरांत परतले जेमतेम ११, असं सांगितलं जातं. भाडं परवडेना, नियम जाचक. फेरीवाले, हमाल आजूबाजूच्या गल्ल्यांत गेले आणि तिथली गर्दी वाढली. नव्या सदनिकांत आले ते नियमित पगारवाले कारागीर आणि कारकून. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही (बीआयटी) जेवढ्यांची घरं पाडली तेवढ्यांना निवारा दिला नाही. या ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळींच्या इतिहासात ही बाजू सहसा झाकली जाते.

पुढे इस्टेट जीर्ण झाली, बांगलादेशी कुटुंबं आली आणि १९९४ मध्ये इमारतींना वारसा-दर्जा मिळाला. त्यामुळे दर्शनी भाग सहज बदलता येत नाही. भाडेकरू कोण असावा, हे मात्र वारसा-कायदा ठरवत नाही. 'राइट टू बाय'खाली, म्हणजे कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेऊ देणाऱ्या योजनेखाली, बऱ्याच सदनिका विकल्या गेल्या. त्यांतल्या काही आता बाजारभावाने भाड्याने जातात. २००६ मध्ये इस्टेट कौन्सिलकडून काढून भाड्याची घरं चालवणाऱ्या बिगरसरकारी गृहनिर्माण संस्थेकडे सोपवायचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवाशांनी मतदानाने तो फेटाळला.