ई-क्लासवरील सौर प्रकल्पांना विरोध (विदर्भ)

गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर मोठे सौरऊर्जा प्रकल्प उभारण्यास विदर्भातील ग्रामस्थांकडून होणारा विरोध. गायरानाला वऱ्हाडात ‘ई-क्लास’ म्हणतात. पूर्व विदर्भात चराईची बरीच भिस्त झुडपी जंगलावर असते. हा विरोध विजेला नाही. रानडुक्कर, बिबट, साप यांच्या धास्तीत रात्री ओलित करणारा (पिकाला पाणी देणारा) शेतकरी दिवसाची वीज कधीपासून मागतो आहे. भांडण जागेचे आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचा ‘2.0’ टप्पा आला. सबस्टेशनजवळ सोलर प्लांट उभारून शेतीच्या फिडरला (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज द्यायची, ही कल्पना. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल 3 टक्के वाढ आहे. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्याला ही रक्कम मोठी, म्हणून बरडाचा (हलक्या, मुरमाड जमिनीचा) मालक पुष्कळदा आपणहून जमीन देतो. सरकारी जमीन नाममात्र दराने मिळते; ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे 3 वर्षे अनुदान आहे. पण ई-क्लासवर जिची शेळी चरते, त्या भूमिहीन बाईचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसते. त्यामुळे भाडे नाही, मोबदला नाही. प्रश्नाचा गाभा हाच आहे.

सकाळी गावची जनावरे आखरावर (गुरे गोळा करण्याच्या मोकळ्या जागेवर) जमतात आणि गायकी (गुराखी) त्यांना पांदणीने (शेतांमधल्या वाटेने) रानात नेतो. तारेचे कुंपण पडले की ती पांदण कुंपणाशीच संपते. मग गुरे धुऱ्याधुऱ्याने (शेताच्या बांधांवरून) जाताना कोणाच्या तरी तुरीत तोंड घालतात आणि गावातच भांडणे लागतात. चारा विकत घ्यावा लागला तर चार शेळ्या परवडत नाहीत. आणि दवाखाना असो की पोरीची फी, अडीनडीला बाजारात उभी राहते ती शेळीच. सरपण, गोवऱ्यांचे शेण, पावसाळ्यातली तरोट्याची (टाकळ्याची) रानभाजी हेही त्याच रानातले. कागदावर मात्र ती जमीन ‘पडीक’ ठरते.

2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली सौर प्रकल्पांना मंजुरी लागत नाही, त्यामुळे खाणीसाठी होते तशी जनसुनावणी होत नाही. मोजणीवाले आले की गावाला कळते. म्हणून विरोधाची सुरुवात बहुधा ग्रामसभेच्या ठरावाने होते. पुढे मोजणी अडवणे, तहसीलपुढे उपोषण, कोर्ट. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. त्याच न्यायालयाच्या 22 मे 2025 च्या निकालाने झुडपी जंगल ‘वन’ ठरले. तिथे प्रकल्पासाठी केंद्राची वनमंजुरी आवश्यक. वनहक्क कायदा 2006 चराईला सामूहिक हक्क मानतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने त्याच कायद्याखाली 2009 मध्ये आपल्या जंगलावर हक्क मिळवला, पण वनक्षेत्राबाहेरच्या ई-क्लासला हा आधार मिळत नाही.

प्लांट संमतीने दिलेल्या खासगी बरडावर न्यावा. ई-क्लासला हात लावायचाच असेल तर आधी ग्रामसभा घ्यावी, पांदण आणि पाणवठा कुंपणाबाहेर ठेवावा, असे ग्रामस्थांचे म्हणणे असते.