मेनेस : शिकणाऱ्या काडेपेट्या

फुल्ली-गोळ्याचा खेळ अनुभवातून शिकणारे काडेपेट्यांचे यंत्र. ब्रिटिश शास्त्रज्ञ डॉनल्ड मिची (१९२३–२००७) यांनी ते १९६०-६१ च्या सुमारास तयार केले. ‘मशीन एज्युकेबल नॉट्स अँड क्रॉसेस एंजिन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘मेनेस’ म्हणतात. रीइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे प्रबलन अध्ययन (बक्षीस-शिक्षेतून शिकणे), विद्यार्थ्यांच्या हाताला कळावे म्हणून विद्यापीठांच्या वर्गांत ते आजही बांधले जाते.

मेनेसला ‘पहिले शिकणारे यंत्र’ म्हणण्याची प्रथा आहे, पण ती फारशी टिकत नाही. क्लॉड शॅननचा चक्रव्यूहातला यांत्रिक उंदीर १९५० च्या आसपासचा, मार्व्हिन मिन्स्कीचे स्नार्क हे चेतापेशींच्या जाळ्याची नक्कल करणारे यंत्र १९५१ चे, तर आर्थर सॅम्युएलचा चेकर्स या पटावरच्या खेळाचा संगणक-कार्यक्रम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. मिचींचे वेगळेपण असे की त्यांचे यंत्र संगणकाविना चाले आणि शिकण्याचा प्रत्येक टप्पा उघड्यावर मोजता येई.

पेट्यांच्या संख्येबद्दल एकवाक्यता नाही. काही जुन्या वर्णनांत २८७, तर अलीकडच्या बहुतेक बांधणींत ३०४ पेट्या आढळतात. ३०४ हा आकडा अधिक ग्राह्य वाटतो, कारण त्याची फोड पडताळता येते. यंत्र नेहमी पहिली खेळी करते. पट फिरवून किंवा आरशात धरून जुळणाऱ्या स्थिती एकच मानल्या, तर पहिल्या खेळीला १, तिसरीला १२, पाचवीला १०८ आणि सातवीला १८३ पेट्या लागतात. यांतले १२ हाताने काढता येतात : यंत्र मध्यात खेळले तर प्रतिस्पर्ध्याची २ वेगळी उत्तरे, कोपऱ्यात खेळले तर ५, कडेच्या मधल्या घरात खेळले तर ५. नवव्या खेळीला एकच घर उरते, म्हणून तिला पेटी नाही.

प्रत्येक पेटीवर एक स्थिती काढलेली असते आणि आत रंगीत मणी. रंग म्हणजे घर. टप्प्यानुसार दर रंगाचे ४, ३, २ आणि १ मणी घालतात. पेटी हलवून कलती केली की पुठ्ठ्याच्या व्ही आकाराच्या कोनात जो मणी अडकेल, ती खेळी. डाव संपेपर्यंत वापरलेल्या पेट्या उघड्या ठेवतात. यंत्र जिंकले तर निघालेला मणी परत घालून त्याच रंगाचे आणखी ३, बरोबरीला आणखी १. हरले तर निघालेला मणी जप्त. पहिल्या पेटीत कोपरा, कड आणि मध्य यांचे ४-४, एकूण १२ मणी असतात. मध्याने डाव जिंकला तर मध्याचे ७ मणी होऊन त्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ४७ वर जाते. हरला तर ११ पैकी ३, म्हणजे २७ टक्के. सातव्या खेळीच्या पेटीत मात्र दर रंगाचा एकच मणी असल्याने एका पराभवात ती खेळी कायमची बाद होते. निकालाला जवळची खेळी अधिक दोषी, हे तत्त्व या उतरत्या संख्येत आहे. मिची स्वतः २२० डाव यंत्राशी खेळले.

वर्गात सर्वाधिक चुका पट फिरवण्यात होतात. पेटी शोधताना विद्यार्थी पट मनातल्या मनात फिरवतो, पण खेळी मूळ पटावर तशीच मांडतो. मग बक्षीस भलत्याच घराला मिळते आणि चाळीस डावांनंतरही यंत्र ढिम्म. उपाय साधा : कागदी पटच पेटीवरील चित्राशी जुळेपर्यंत फिरवावा. दुसरी चूक म्हणजे पहिल्या पेटीत नऊही रंग भरणे. मग चार कोपरे मिळून मध्याच्या चौपट होतात. डाव संपण्याआधी पेटी बंद केली तर कोणता मणी निघाला होता ते हरवते. तरबेज प्रतिस्पर्धी असल्यास सलग १२ पराभवांत पहिली पेटी रिकामी पडून यंत्र खेळच सोडते, म्हणून काही जण तिथे दर रंगाचे ८ मणी घालतात. वाटेल तसे खेळणाऱ्यासमोर शिकलेले यंत्र तरबेज खेळाडूपुढे उघडे पडते, आणि ते मुद्दाम घडवून दाखवण्यासारखे आहे. रंगांधळ्या विद्यार्थ्यांसाठी मण्यांऐवजी आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या बऱ्या.

३०४ पेट्या जमवणे जड गेले, तर मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये मांडलेला हेक्सापॉन हा पर्याय आहे : ३×३ चा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी, २४ पेट्या. येथे यंत्र दुसरे खेळते आणि अचूक खेळल्यास नेहमी जिंकू शकते.

पुढच्या तासाला हीच रचना पायथन या संगणकभाषेत लिहितात : पेटीऐवजी डिक्शनरीतील (नाव-मूल्य जोड्यांच्या यादीतील) नोंद, मण्यांऐवजी संख्या. तेथे मेनेसची मर्यादाही दिसते. एका पेटीतले शिकणे शेजारच्या, जवळजवळ तशाच स्थितीच्या पेटीला कळत नाही. बुद्धिबळाला म्हणूनच ही पद्धत पुरत नाही. मिचींनी आर. ए. चेंबर्स यांच्यासह १९६८ मध्ये ‘बॉक्सेस’ या संगणक-कार्यक्रमात हीच पेट्यांची कल्पना गाडीवर उभा दांडा तोलण्यासाठी वापरली. त्यात गाडीची जागा आणि वेग, दांड्याचा कोन आणि त्याचा वेग यांचे पट्टे पाडून प्रत्येक जुळणीला एक पेटी दिली होती.