गोल्डफील्ड हॉटेल: १०९ नंबरच्या खोलीआधीचा इतिहास

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या गोल्डफील्ड हॉटेलची भुताची गोष्ट थोडक्यात अशी सांगतात. मालक जॉर्ज विंगफील्डने एलिझाबेथ नावाच्या गरोदर बाईला १०९ नंबरच्या खोलीत रेडिएटरला साखळीने बांधून ठेवलं. बाळंतपणानंतर ती मेली आणि मूल इमारतीखालच्या खाणीत टाकलं गेलं. याला कागदोपत्री आधार नाही. पुष्कळ जण ही घटना १९३० च्या दशकातली सांगतात, पण विंगफील्डने हॉटेल १९२३ मध्येच विकलं होतं. इमारतीखाली खोदकाम केलं तेही नंतरचा मालक न्यूटन क्रमली याने, सोन्याच्या आशेने. सोनं लागलं नाही.

खरा इतिहास खनिजाचा आहे. डिसेंबर १९०२ मध्ये हॅरी स्टिम्लर आणि विल्यम मार्श यांना इथे सोनं सापडलं. चार-पाच वर्षांत वस्ती वीस हजारांच्या घरात गेली आणि गोल्डफील्ड नेवाडातलं सर्वांत मोठं गाव झालं. सप्टेंबर १९०६ मध्ये टेक्स रिकार्ड या आयोजकाने इथे ज्यो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन या मुष्टियोद्ध्यांची लढत भरवली. ती ४२ फेऱ्या चालली, पण खरा हेतू गावाचा गवगवा व्हावा आणि खाणींचे शेअर खपावेत हा होता.

खाणींचे तुकडे मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले जात. मुदत संपायच्या आत पट्टेदार उत्तम तेवढं ओरबाडून काढत. खनिज इतकं कसदार होतं की मूठभर खड्यांतही रोजच्या मजुरीपेक्षा जास्त सोनं असे. कामगार ते खिशांत, दुहेरी शिवलेल्या सदऱ्यांत, जेवणाच्या डब्यांत लपवून नेत, आणि कस तपासणारे काही जण कुठून आलं हे न विचारता विकत घेत. याला 'हायग्रेडिंग' म्हणत. मालकांचा उपाय म्हणजे कपडे बदलायची खोली: पाळी संपली की कामाचे कपडे एकीकडे उतरवायचे, उघड्याने पलीकडे जायचं, घरचे कपडे चढवायचे. कामगारांना यात चोरीचा आळ दिसला, आणि बाचाबाची वाढली. १९०७ च्या आर्थिक घबराटीत मजुरी रोखीऐवजी चिठ्ठ्यांनी देऊ लागल्यावर संप झाला. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फौज पाठवली.

याच सुमारास हॉटेल उभं राहत होतं. आधी त्या जागेवरची हॉटेलं जळाली होती, म्हणून या वेळी दगड आणि विटा वापरल्या. १९०८ मध्ये ते उघडलं तेव्हा चार मजले, दीडशेच्या आसपास खोल्या, वीज, टेलिफोन, वाफेची उष्णता, लिफ्ट आणि महॉगनीने मढवलेली लॉबी असा थाट होता. विंगफील्ड आणि सिनेटर निक्सन यांच्या कंपनीने तोवर मुख्य खाणी ताब्यात घेऊन शंभर मुसळांची खनिज कुटण्याची गिरणी घालायला घेतली होती. पण उत्पादनाचा कळस १९१० च्या सुमारास आला. वरच्या थरातले कसदार साठे संपत चालले होते आणि खोलवरचं खनिज हलकं निघत होतं. म्हणजे हॉटेलच्या वाट्याला भरभराटीची दोन-तीनच वर्षं आली.

पुढे १९१३ चा पूर. मग जुलै १९२३ मध्ये दारूबंदीच्या काळात चोरट्या भट्टीपासून लागलेली आग पन्नासहून अधिक ब्लॉकांमधली घरं खाऊन गेली. हॉटेल दगड-विटांमुळे तगलं. भोवती मोकळे चौथरे आणि मधोमध एकटी भव्य इमारत: भुताला याहून सोयीची जागा कुठली? दुसऱ्या महायुद्धात जवळच्या टोनोपा गावाच्या विमानतळावरचे सैनिक तिथे राहिले, नंतर दारं बंद झाली.

गार झुळका आणि आपटणाऱ्या दारांचा उलगडा सोपा आहे. लिफ्टची पोकळी आणि जिना धुराड्यासारखे काम करतात. वर तापलेली हवा निसटते आणि तळघरातली गार हवा वर ओढली जाते. वाळवंटात रात्री पारा झपाट्याने उतरतो, तेव्हा लोखंड आणि लाकूड आकसताना कुरकुरतं.

१९८० च्या दशकात डागडुजीवर मोठा खर्च झाला, पण काम अर्धवट राहिलं. २००३ मध्ये इमारत लिलावात विकली गेली. गावात आता शे-दोनशे माणसं उरली आहेत. नळ, वायरिंग, लिफ्ट, आग लागल्यास बाहेर पडायचे मार्ग, सगळंच नव्याने घालायचं म्हटलं तर तेवढा खर्च भरून निघण्याइतके पाहुणे इथे कुठून येणार?