सी अर्चिनच्या अंड्यांतून उलगडत गेलेले कॅल्शियम

सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यात फलनाच्या वेळी बद्ध कॅल्शियम मोकळे होते, हे डॅनियल माझिया यांनी 1937 मध्येच दाखवले होते. ते कॅल्शियम अंड्यातल्याच साठ्यातून येते, याची खात्री मात्र 1974 मध्ये पटली. रिचर्ड स्टाइनहार्ट आणि डेव्हिड एपेल यांनी पेशीच्या पटलांतून कॅल्शियम आरपार नेणारे एक रसायन वापरून शुक्रपेशीविनाच अंडी जागी केली, म्हणजे त्यांची वाढ सुरू करून दिली, आणि कॅल्शियमरहित पाण्यातही ती जागी होतात, असे त्यांना आढळले. साठा उघडणारा पहिला रासायनिक संदेशवाहक, आयपी3, 1983 मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींत सापडला. 1984 मध्ये मायकेल व्हिटेकर आणि रॉबिन अर्व्हाइन यांनी तो टोचल्यावर सी अर्चिनची अंडीही जागी होतात, असे सिद्ध केले.

पुढचा भाग अधिक रंजक आहे आणि तो मिनेसोटा विद्यापीठात घडला. मादीच्या शरीरात पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण टोचले की ती अंडी सोडते, आणि ती सगळी एकाच अवस्थेत थबकलेली असतात. ही अंडी फोडून केलेला लगदा गोठवून ठेवला तरी त्यातील कॅल्शियमचे साठे शाबूत राहतात. प्रकाशणारे रंगद्रव्य मिसळले की सुटलेले कॅल्शियम लगेच मोजता येते. हॉन चुंग ली, डेव्हिड क्लॅपर आणि सहकाऱ्यांनी या लगद्याचा एक गुण फार हुशारीने वापरला: आयपी3ला एकदा प्रतिसाद दिलेला लगदा त्याला लगेच पुन्हा दाद देत नाही. अशा लगद्यात पेशीच्या ऊर्जाव्यवहारात लागणारा एनएडी हा रेणू घातल्यावर काही मिनिटांनी, तर त्याच्याच जातकुळीतला एनएडीपी घातल्यावर तत्काळ कॅल्शियम सुटले, असे त्यांनी 1987 मध्ये नोंदवले. म्हणजे आयपी3खेरीज इतर मार्गही होते.

एनएडीच्या बाबतीतल्या दिरंगाईचे कारण असे की खरे काम एनएडी करतच नव्हते. लगद्यातील विकर (एन्झाइम) त्यापासून जो वलयाकार रेणू घडवत होते, तो करत होता. त्या रेणूची, म्हणजे सायक्लिक एडीपी-रायबोजची, रचना 1989 मध्ये निश्चित झाली. एनएडीपीचा उलगडा 1995 मध्ये झाला: विकत आणलेल्या एनएडीपीत एनएएडीपी हा रेणू अल्प प्रमाणात मिसळलेला होता आणि परिणाम त्याचाच होता. रसायन अशुद्ध आहे म्हणून ही बाब सहज बाजूला पडली असती. एनएएडीपी कोणता साठा उघडतो, याचे उत्तरही याच अंड्यांनी दिले. 2002 मध्ये तो साठा आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) नसून लयकायांसारख्या (पेशीतील पाचक पिशव्यांसारख्या) आम्लधर्मी कणिकांत असल्याचे दिसून आले.