अमोनिया पेटतो तो बंद खोलीत

अमोनिया पेटत नाही, हा समज शीतकरणाच्या धंद्याइतकाच जुना. फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाण्यावर चालणाऱ्या, थंडावा निर्माण करणाऱ्या शोषण यंत्राचे पेटंट घेतले, १८७६ च्या सुमारास जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांचा अमोनिया कॉम्प्रेसर आला आणि बर्फाचे कारखाने उभे राहिले. उघड्यावर गळणाऱ्या अमोनियाला ज्योत लावली तरी तो नीट पेट घेत नाही, ज्योत काढली की विझतो. समज तिथूनच पक्का झाला.

खरे तर हवेत त्याचे प्रमाण साधारण १५ ते २८ टक्के असेल तरच तो पेटतो, आणि त्यासाठी ठिणगीही दणकट लागते. १५ टक्के म्हणजे दीड लाख पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दीड लाख भाग). वास मात्र पाचेक पीपीएमलाच नाकात जातो आणि ३०० पीपीएमला जिवाला धोका असतो. म्हणजे पेटण्याजोगे प्रमाण होईपर्यंत माणूस तिथे थांबूच शकत नाही. अपवाद बंदिस्त सूट घालून आत गेलेल्यांचा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट इथल्या शीतगृहात नेमके हेच घडले: गळती थांबवायला अग्निशामक आत गेले, बंद खोलीत साठलेला वायू पेटला आणि त्यांच्यातला एक दगावला. सूट विषापासून वाचवतो, आगीपासून नाही.

दुसरा घातक भाग तेलाचा. कॉम्प्रेसरचे तेल गळतीबरोबर फवाऱ्यासारखे बाहेर आले की मिश्रण पेटण्याचा पल्ला रुंदावतो. यंत्रणेत साठलेले तेल काढताना (ऑइल ड्रेन) व्हॉल्व्ह उघडा सोडून बाजूला जाणे हे अपघातांचे जुने कारण. म्हणून तिथे हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवतात.

१९३० नंतर घरगुती फ्रिज सीएफसीकडे (क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंकडे) गेले. ओझोनच्या थराला मारक असे हे वायू आवरणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर अमोनियाकडे पुन्हा लक्ष वळले. आज शीतकारक वायूंच्या सुरक्षा-वर्गवारीत त्याचा वर्ग बी२एल: बी म्हणजे विषारी, २एल म्हणजे कमी ज्वलनशील आणि ज्याची ज्योत सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षा हळू सरकते असा.

यंत्रखोलीतल्या गळती ओळखणाऱ्या सेन्सरच्या रूढ पायऱ्याही विषारीपणा आणि ज्वलनशीलता पाहूनच ठरल्या: २५ पीपीएमला अलार्म, १५० ला आणीबाणीचे पंखे, ४०,००० ला खोलीची वीज बंद. पंख्यांना मात्र वेगळी लाइन हवी आणि त्यांचा स्विच दाराबाहेर. तो आत असेल, तर पंखा लावायला गेलेल्या माणसाच्या हातूनच वायूत ठिणगी पडते.