हायड्रंटसमोरची जागा मोकळी ठेवायची आहे? अर्ज असा करा

हायड्रंट म्हणजे आग विझवायला अग्निशमन दल जिथून पाणी घेतं तो नळ. त्याच्यासमोरची जागा गल्लीतल्या स्वयंसेवकांनी मोकळी ठेवायची असेल तर आधी तो कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. रस्त्यालगतचा असेल तर अर्ज महापालिकेकडे, इमारतीच्या आवारातला असेल तर सोसायटीकडे.

रस्त्यावरच्या हायड्रंटसाठी साध्या कागदावरचा अर्ज पुरतो. तो मुख्य अग्निशमन अधिकारी, कोल्हापूर महानगरपालिका यांच्या नावे लिहा. एक प्रत पाणीपुरवठा विभागाला आणि एक आपल्या विभागीय कार्यालयाला (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी किंवा ताराराणी मार्केट) द्या. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हे विनंतीपत्र आहे, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही सज्ञान रहिवाशाला सही करता येते. तालमीच्या किंवा तरुण मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज दिला तर वजन पडतं. पण अध्यक्षांच्या एकट्याच्या सहीवर भागवू नका. ज्यांच्या दारात हायड्रंट आहे त्यांची सही हवीच, कारण बहुतेकदा तिथं गाडी लावणारेही तेच असतात!

सोबत आधारची झेरॉक्स, घरफाळ्याची पावती किंवा लाइट बिल, स्वयंसेवकांची नावं व मोबाईल नंबर आणि ओळखीची खूण दिसेल असा हायड्रंटचा फोटो जोडा.

खरं महत्त्व मजकुराला. कचरा, वाळू, विटा हटवणं, गाडी काढायला सांगणं, गळती किंवा मोडतोड कळवणं एवढंच आम्ही करू, असं लिहा. झाकण उघडणार नाही, व्हॉल्व्हला हात लावणार नाही, पाणी घेणार नाही, हेही स्वतःहून लिहा. पाणीटंचाईच्या दिवसांत साहेबांना पहिली शंका तीच येणार. फलक किंवा रंगाचे पट्टे हवे असतील तर त्याची परवानगी याच अर्जात मागा.

हायड्रंट अडवून गाडी लावायला मोटार वाहन (वाहनचालन) विनियम, 2017 नुसार मनाई आहे. पण दंड करायचा अधिकार आपला नाही. चाकातली हवा सोडायचा मोह आवरा आणि वाहतूक शाखेला कळवा. गणेशोत्सवात मंडपाच्या नकाशावर हायड्रंटची जागा आधीच दाखवा. खांब रोवल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय घ्या आणि मजकूर 150 शब्दांत बसवा. आपल्या प्रभागातले हायड्रंट कुठं आहेत आणि त्यांची शेवटची चाचणी कधी झाली, एवढंच विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते.

अपार्टमेंटमधल्या यंत्रणेची जबाबदारी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 ने मालक आणि भोगवटादारांवर टाकली आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे नमुना ‘ब’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. सेक्रेटरींना अर्ज देताना या दाखल्याची प्रतही मागून घ्या.